पैसा तोच, कप्पा बदलला

रमजानचे पहिले दहा रोजे सरले की किराणा दुकानांत पुन्हा गर्दी होते. महिन्याचे सामान आधीच भरून ठेवलेली घरे दुसरी यादी घेऊन येतात. बेसन संपलेले असते, तेलाचा डबा तळाला गेलेला असतो, खजूर अंदाजापेक्षा लवकर उडालेले असतात. दिवसभर उपवास म्हटल्यावर स्वयंपाकघराचा खर्च कमी व्हायला हवा, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. ज्या घरांत एकादशी, श्रावण किंवा नवरात्र पाळतात त्यांना मात्र या कोड्याचे उत्तर ठाऊक आहे. उपवासाच्या दिवशी पोळी-भाजी वाचते, पण साबुदाणा, शेंगदाणे, वरई, तूप आणि फळे मिळून त्याच्या वर जातात. त्यात रमजानमध्ये इफ्तारचे ताट एका घरापुरते राहत नाही. शेजारी जाते, मशिदीत जाते, कुणी वाटसरू आला तर त्याच्याही पुढे जाते.

पगार मात्र तेवढाच असतो. म्हणजे किराण्यावर जास्त गेलेला पैसा दुसऱ्या कशासाठी तरी ठेवलेला होता. तो नेमका कशासाठी होता, हे बहुतेक घरांत महिनाअखेरीस कळते. काही घरांत तेव्हाही कळत नाही. घरखर्चाची जी नवी ॲप्स आता अनेक मोबाइलवर दिसतात, त्यांतल्या काहींचा सगळा डोलारा याच एका प्रश्नावर उभा आहे: एका कप्प्यातले पैसे दुसऱ्या कप्प्यात हलवायचे असतील तर ते कसे हलवावेत?

डाळीच्या डब्यापासून मोबाइलपर्यंत

कप्प्यांची पद्धत आपल्याकडे नवी नाही. पगाराच्या दिवशी पाकिटे करून त्यांवर ‘भाडे’, ‘दूध’, ‘फी’ असे लिहिणारी माणसे प्रत्येक गल्लीत होती. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, देवघराच्या खणात किंवा कुराणशरीफ ठेवलेल्या कपाटाच्या वरच्या फळीवर वेगवेगळे पैसे ठेवणाऱ्या आया-आज्याही होत्या. नोटा हातात असल्याने हिशेब डोळ्यांना दिसायचा. दुधाच्या पाकिटातून किराण्याला शंभर रुपये घेतले तर दुधाचे पाकीट तेवढे हलके व्हायचे.

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि पुढच्या काही वर्षांत चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. व्यवहार सोपा झाला, पण पाकिटे एक झाली. आता बँकेच्या खात्यात एकच आकडा दिसतो. त्यात भाडे, फी, औषध, ईद हे सगळे मिसळलेले असते. आकडा मोठा दिसला की हात सैल सुटतो.

‘वायनॅब’, ‘गुडबजेट’, ‘ॲक्च्युअल बजेट’ यांसारखी सॉफ्टवेअर ही जुनी पाकिटे पडद्यावर परत आणतात. ‘वायनॅब’ हे ‘यू नीड अ बजेट’ या नावाचे लघुरूप. अमेरिकेत जेसी मेकॅम यांनी २००४ साली एका साध्या स्प्रेडशीटपासून त्याची सुरुवात केली. ‘ॲक्च्युअल बजेट’ हे आज मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. नावे वेगळी असली तरी गाभा सारखाच आहे. खात्यात आज असलेल्या प्रत्येक रुपयाला एक काम द्यायचे. सगळ्या कप्प्यांतली आणि अजून वाटप न झालेली रक्कम मिळून खात्यातल्या शिलकीइतकीच भरली पाहिजे. पुढच्या महिन्याचा पगार, येणे असलेली उधारी, मिळेलसा वाटणारा बोनस यांना इथे जागा नसते. हातात आलेला पैसाच वाटायचा.

रिकामी बरणी

कप्पे केल्यावर दुसरी अडचण सुरू होते. वर्तणूक अर्थशास्त्रासाठी २०१७ चे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी माणसाच्या मनातल्या अशा कप्प्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. आपल्या ‘मिसबिहेविंग’ या पुस्तकात ते अभिनेता जीन हॅकमन यांनी सांगितलेला एक किस्सा देतात. दोघेही उमेदवारी करत असताना डस्टिन हॉफमन यांनी हॅकमन यांच्याकडे उसने पैसे मागितले. हॅकमन द्यायला तयार झाले. मग स्वयंपाकघरात त्यांना ओळीने ठेवलेल्या बरण्या दिसल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी होती आणि आत पैसे होते. इतके पैसे असताना उसने कशाला, असे विचारल्यावर हॉफमन यांनी ‘जेवण’ लिहिलेल्या बरणीकडे बोट दाखवले. ती रिकामी होती.

किस्सा हसवणारा आहे, पण यातला हट्ट अनेक घरांत सापडतो. एका कप्प्यात पैसे पडून असतात आणि दुसऱ्या कप्प्यासाठी उधार किंवा क्रेडिट कार्ड काढले जाते. अर्थशास्त्राच्या भाषेत रुपया हा रुपयाच असतो. त्यावर भाडे किंवा जेवण असे काही छापलेले नसते. थेलर यांचे म्हणणे असे की माणूस तरीही कप्पे करतो आणि त्याचा त्याला उपयोगही होतो, कारण कप्पा हाताला आवर घालतो. तेव्हा प्रश्न आवर किती घट्ट असावा एवढाच उरतो.

‘वायनॅब’च्या चार प्रसिद्ध नियमांपैकी तिसरा नियम याबद्दलच होता. परिस्थिती बदलली की अंदाजपत्रक बदलायचे आणि त्यात अपराधी वाटून घ्यायचे नाही. खर्च वाढला म्हणून सगळा हिशेबच सोडून देणारी माणसे जास्त असतात. वही महिनाभर लिहायची, एका आठवड्यात गडबड झाली की ती कपाटात टाकायची, हा अनुभव कुणाला नाही?

बँकेत पैसे आहेत, तरी कमी का?

हिशेबासाठी एक घर डोळ्यांसमोर घ्यावे. महिन्याला ४५,००० रुपये येतात. त्यांची वाटणी अशी: भाडे १०,०००, किराणा ९,०००, मुलांची फी ६,०००, दूध-भाजी ४,५००, वीज-गॅस-पाणी ३,५००, प्रवास ३,०००, ईदचे कपडे ३,०००, औषधे २,०००, भिशीचा हप्ता २,०००, फित्रा-सदका १,००० आणि अडीअडचणीसाठी १,०००. बेरीज बरोबर ४५,००० होते.

वीस तारखेला भाडे आणि भिशी देऊन झाली आहे. अडीअडचणीचे हजार पाहुण्यांच्या येण्याजाण्यात गेले. किराण्यावर १०,८०० खर्च झाले, म्हणजे १,८०० जास्त. बाकीच्या कप्प्यांत फी ६,०००, ईद ३,०००, वीज-गॅस १,४००, दूध-भाजी १,३००, प्रवास १,२००, फित्रा-सदका १,००० आणि औषधे ७०० शिल्लक आहेत. या शिलकीची बेरीज १४,६०० होते. बँकेत मात्र १२,८०० रुपयेच आहेत.

मधले १,८०० रुपये कुठे गेले? ते किराणा दुकानात गेले. पण कप्प्यांना ते अजून कळलेले नाही. प्रत्येक कप्पा आपले पूर्ण पैसे आहेत असे समजून बसला आहे आणि त्यातला एक तरी खोटे बोलतो आहे. कोणता, हे कुणी ठरवले नाही तर जो खर्च शेवटी येईल त्याच्यावर ती खोट पडते. शेवटी येते ती बहुधा फी असते किंवा औषध असते.

सॉफ्टवेअर इथे लाल रंग दाखवते. किराण्याचा कप्पा उणे १,८०० दिसतो. त्यावर बोट ठेवले की ही तूट कुठून भरायची, असे ॲप विचारते. घरातल्यांनी मिळून ठरवावे लागते. महिन्याचे दहाच दिवस उरले आहेत, दुचाकीऐवजी बसने गेले तर प्रवासातून ८०० निघतील. ईदच्या कपड्यांतून १,००० काढता येतील. फी आणि औषधांना हात लावायचा नाही. दोन नोंदी केल्या की किराणा शून्यावर येतो, प्रवासात ४०० राहतात, ईदला २,०००. आता कप्प्यांची बेरीज १२,८०० भरते आणि बँकही तेच सांगते.

हलवाहलवीने एक रुपयाही वाढत नाही. मात्र ईदला किती उरले हे आठवडाभर आधी कळते. कापड दुकानाच्या काउंटरवर, मुलांसमोर कळण्यापेक्षा ते बरे.

तूट तशीच ठेवली तर ती मिटत नाही. ‘वायनॅब’मध्ये रोखीने झालेला जादा खर्च महिना बदलताना पुढच्या महिन्याच्या वाटपातून वजा होतो. म्हणजे पगार हातात येण्याआधीच तो १,८०० नी कमी होतो. क्रेडिट कार्डाने केलेल्या खरेदीचे गणितही लक्षात घेण्यासारखे आहे. कपडे कार्डावर घेतले तर ॲप कपड्यांच्या कप्प्यातली तेवढी रक्कम लगेच कार्डाच्या बिलाच्या कप्प्यात हलवते. बँकेत पैसे अजून पडून असतात, पण ते बिलाचे झालेले असतात. ईदनंतर येणाऱ्या बिलाचा धसका बसतो तो या मधल्या दिवसांत तेच पैसे दुसऱ्यांदा खर्च झाल्यामुळे.

विधिमंडळातही हेच

ज्यांना ही हलवाहलव हिशेबातली कच्ची बाजू वाटते त्यांनी राज्याच्या अर्थसंकल्पाकडे पाहावे. मार्चमध्ये मंजूर झालेला अर्थसंकल्प वर्षभर जसाच्या तसा टिकत नाही. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांच्या बातम्या वाचकांनी वाचलेल्या असतात. राज्यघटनेच्या २०५ व्या कलमात त्याची तरतूद आहे. शिवाय एका लेखाशीर्षाखाली उरलेली रक्कम दुसऱ्या लेखाशीर्षाखाली नेण्याची ‘पुनर्विनियोजन’ नावाची वेगळी पद्धत आहे.

तिला मर्यादाही आहेत. एका मागणीखाली मंजूर झालेला पैसा दुसऱ्या मागणीकडे पुनर्विनियोजनाने नेता येत नाही. महसुली आणि भांडवली खर्चाची अदलाबदल करता येत नाही. विधिमंडळाच्या मताला न टाकता थेट भारित होणारा खर्च आणि मतदानाने मंजूर होणारा खर्च यांची सरमिसळ चालत नाही. कप्पे बदलता येतात, पण काही भिंती पक्क्या असतात आणि बदल कागदावर आल्याशिवाय होत नाही.

घराच्या हिशेबालाही एवढेच दोन नियम पुरतात. बदल नोंदवूनच करायचा आणि पक्क्या भिंती कोणत्या ते आधी ठरवायचे.

अमानतीचा कप्पा

पक्क्या भिंतींत पहिला मान दुसऱ्याच्या पैशाचा. भिशी चालवणाऱ्या बाईच्या खात्यावर बाराजणींचे हप्ते जमा होतात. ज्या दिवशी चिठ्ठी निघते त्या दिवसापर्यंत तिची शिल्लक फुगलेली दिसते. हौसिंग सोसायटीचा खजिनदार, शाळेच्या सहलीचे पैसे गोळा करणारा शिक्षक, गणेश मंडळाची वर्गणी सांभाळणारा कार्यकर्ता यांचेही तसेच. यूपीआयमुळे ही वर्गणी आता सरळ व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यात पडते आणि घरच्या पैशांत मिसळते. ‘दोन दिवसांत परत टाकतो’ म्हणून उचललेल्या पैशानेच गावागावांतली अनेक मंडळे मोडली आहेत. असा पैसा ॲपमध्ये वेगळा कप्पा करून, शक्य झाल्यास वेगळ्या खात्यात ठेवावा आणि तूट भरताना त्याच्याकडे पाहूच नये. उर्दूत याला अमानत म्हणतात. मराठीतही ‘अनामत’ हा शब्द त्याच मुळापासून आलेला आहे.

जकातीचा कप्पा जरा वेगळा आहे. साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी या मर्यादेइतकी मालमत्ता वर्षभर ज्याच्याकडे राहते, त्याच्यावर अडीच टक्के जकात लागू होते. अनेक जण ती रमजानमध्ये देतात. हिशेब करून रक्कम बाजूला ठेवली म्हणजे जकात दिली, असा काहींचा समज असतो. शरियतनुसार ती हकदाराच्या हातात पडल्यावरच अदा होते. त्यामुळे मधल्या काळात किराण्याची तूट त्या कप्प्यातून भरली तर कप्पा रिकामा होतो, देणे मात्र तेवढेच राहते. हिशेबाच्या दृष्टीने हा कप्पा बचतीपेक्षा बिलाच्या जवळचा आहे. दागिने आहेत आणि रोकड नाही, अशा घरांत रमजानमध्ये ओढाताण होते ती यामुळेच. दर महिन्याला थोडे बाजूला टाकले तर ती कमी होते. जकात आगाऊ थोडी थोडी देण्याचीही मुभा आहे.

ती कुणाला द्यायची याचे आठ कप्पे कुराणातल्या सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत सांगितलेले आहेत. गरीब, निराधार, कर्जबाजारी, वाटसरू अशी ती यादी आहे. रमजानमध्ये मदरशांची पावतीपुस्तके हाती येतात. त्यांवर जकात, फित्रा, सदका, लिल्लाह असे वेगळे रकाने छापलेले असतात. देणाऱ्याने ज्या रकान्यात दिले त्याच कामावर तो पैसा लागला पाहिजे. इमारतीची डागडुजी अडली म्हणून जकातीच्या रकान्यातला पैसा तिकडे वळवून चालत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी जे रकाने अलीकडे पडद्यावर आणले, ते या साध्या पावतीवर खूप आधीपासून आहेत.

फित्र्याला तर तारीखही आहे. घरातल्या प्रत्येक माणसामागे सुमारे पावणेदोन किलो गव्हाची किंमत ईदच्या नमाजाआधी पोहोचवायची असते, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटते. वरच्या उदाहरणातल्या घराने फित्र्याच्या हजाराला हात लावला नाही, त्याचे कारण हेच.

सरकणारे सण

ॲपमध्ये वार्षिक खर्चासाठी दरमहा थोडे साठवण्याची सोय असते. ईदचा खर्च १२,००० असेल तर १२ महिने, महिना १,०००. गणित सरळ दिसते, पण ॲपचे वर्ष ३६५ दिवसांचे आणि हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. ईद दरवर्षी १० ते ११ दिवस आधी येते. तीन वर्षांत ती जवळजवळ महिनाभर पुढे सरकून आलेली असते आणि कप्पा एका हप्त्याने कमी भरतो. २००० साली जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरमध्ये, अशा दोन रमजान ईद आल्या होत्या. २०३३ साली तसेच घडेल. २०३० मध्ये तर जानेवारीत एक रमजान सुरू होईल आणि डिसेंबरअखेरीस दुसरा.

जकातीचे वर्षही चंद्राचेच. म्हणून सोयीसाठी इंग्रजी वर्षावर हिशेब करणाऱ्यांकरिता अडीचऐवजी सुमारे २.५८ टक्के असा दर काढला जातो.

दिवाळीला हा धक्का कमी बसतो, कारण अधिक महिना ती पुन्हा जागेवर आणतो. पण बसतो. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरमध्ये, तर अधिक ज्येष्ठामुळे २०२६ ची नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सण ऑक्टोबरच्या पगारातून करायचा की नोव्हेंबरच्या, हा प्रश्न दोन्ही घरांत सारखाच पडतो. त्यावर उपाय साधा आहे. सण झाला की त्याच आठवड्यात पंचांग किंवा हिजरी दिनदर्शिका पाहून पुढच्या वर्षीची तारीख ॲपमध्ये घालावी आणि मधल्या महिन्यांनी रक्कम भागावी. रमजान बहुधा दोन इंग्रजी महिन्यांत विभागला जातो, तेव्हा किराण्याची वाढीव रक्कमही दोन महिन्यांत वाटून धरावी लागते.

नेहमी तोच कप्पा का?

हलवाहलवीची नोंद राहते, हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अवघड फायदा. काही ॲप्स अलीकडच्या बदलांची यादी दाखवतात. नसेल तर कप्प्याच्या टिपणात तारीख, रक्कम आणि कारण लिहून ठेवता येते. सहा महिन्यांनी ती यादी वाचली की दोन गोष्टी कळतात.

एक, जो कप्पा दर महिन्याला लाल होतो त्याचा आकडाच चुकीचा आहे. किराणा सलग चार महिने दहा हजारांवर जात असेल तर नऊ हजार ही नुसती इच्छा आहे. ती बदलून दुसरीकडे खरी कपात करावी.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. तूट भरायला दर वेळी त्याच कप्प्यातून पैसे गेलेले दिसतात. अनेक घरांत तो कप्पा आईच्या औषधाचा असतो, सुनेच्या चपलेचा असतो, मुलीच्या क्लासचा असतो. कुणी जाणूनबुजून अन्याय केलेला नसतो. जो माणूस ‘राहू दे, पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणतो त्याच्याच कप्प्याकडे हात जातो आणि पुढचा महिना येत नाही. इफ्तारचे ताट भरलेले दिसते, ईदला मुलांचे कपडे नवे असतात, दिवाळीला दारात रोषणाई असते आणि स्वयंपाकघरातल्या बाईची दातदुखी दोन वर्षे तशीच राहते. पाकिटे डोक्यात असतात तोवर हे दिसत नाही. ओळीने लिहिलेल्या बारा नोंदींत ते लपत नाही.

त्यामुळे कप्पे कुणी एकाने मोबाइलवर एकट्याने हलवू नयेत. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटे, ज्यांच्या नावाचा कप्पा आहे त्यांना विचारून हलवावेत. घरातल्या मोठ्यांना ॲप वापरता येत नसेल तर आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत. रमजानमध्ये इफ्तारनंतरची दहा मिनिटे त्यासाठी पुरतात. इतर घरांत रविवारच्या चहाची.

शहाण्या घराचेही कप्पे हलतात. तिथे प्रत्येक रुपया कुणाच्या वाट्यातून आला हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते आणि पुढच्या महिन्यात त्याचा वाटा आधी भरला जातो.